भाषणातली मुलगी, दारातलं खेचर

मेव्हानिया, ऑक्टोबर, द्राक्षांची तोडणी संपली त्याच्या दुसऱ्या दिवशी

मानियसदादास ट्रेबियाचा नमस्कार.

तू बरा असशील तर उत्तम. मी ठणठणीत आहे. हे आधीच लिहिते, कारण तिकडे रोममध्ये तुला कुणी भलतंच काही सांगितलं तर विश्वास ठेवू नकोस. जे झालं ते माझ्याकडून ऐक.

काल दुपारी आत्याने मला मजुरांचे पाव घेऊन शेतावर धाडलं. बरोबर आपली म्हातारी दाई होती, ती नेहमीप्रमाणे अर्ध्या वाटेत अंजिराच्या झाडाखाली टेकली. पुढच्या वळणावर गायस फुफिडियस उभा होता. तोच, ज्याला बाबांनी दोनदा नकार दिला. बरोबर दोन मित्र, तिघंही भर दुपारी प्यालेले. मला उचलून त्याने खेचरावर टाकलं आणि त्यांच्या मळ्यातल्या रस काढायच्या कोठीत नेऊन दार लावून घेतलं. म्हणाला, "तुझा बाप हो म्हणत नाही ना? उद्या सकाळपर्यंत इथे राहा, मग आपणहून माझ्या दारात येईल."

खोटं कशाला सांगू, मी घाबरले होते. मग तो म्हणाला, "रड हवं तर. रडणारी मुलगी मला आवडते."

दादा, माझं डोकंच फिरलं. शेजारी रांजणाचं लाकडी झाकण होतं, ते दोन्ही हातांनी उचललं आणि त्याच्या कानशिलावर असं हाणलं की तो द्राक्षं तुडवायच्या हौदात उताणा पडला. वर आला तेव्हा डोक्यावर सालींचा मुकुट! दार उघडून त्याचे मित्र आत आले, त्यांनी ते पाहिलं आणि पोट धरून जमिनीवर बसले. मी त्यांच्या मधून बाहेर पडले. खेचर दारातच होतं. खेचरावर बसायला तूच शिकवलंस मला लहानपणी, बाबांच्या चोरून. देव तुझं भलं करो.

बाजारातून आले ती तशीच, खेचरावर बसून, पावांची टोपली हातात. कुंभाराने विचारलं, "हे फुफिडियसांचं ना?" मी म्हटलं, "होतं." आणि सगळं सांगून टाकलं. संध्याकाळपर्यंत गाव हसत होतं. आत्याला तर हसून हसून उचकी लागली. बाबा हसले नाहीत आणि रागावलेही नाहीत. ते गप्पच आहेत, तेवढं मला टोचतं.

खेचर आपल्या दारात बांधलंय. फुफिडियसांकडून अजून कुणी मागायला आलेलं नाही. मागायला आले तर ते इथे कसं आलं हेही सांगावं लागेल ना!

तुझी बहीण, ट्रेबिया


रोम, नोव्हेंबर

प्रिय भगिनी ट्रेबिया हिस मानियसचे अनेक आशीर्वाद.

तू बरी असशील तर बरं. मी बरा आहे, फक्त घसा बसलाय. नोनियस गुरुजी रोज पहाटे आमच्याकडून भाषणांची घोकंपट्टी करून घेतात. तुझं पत्र वाचलं आणि काळजाचं पाणी पाणी झालं. तू हसत हसत लिहिलंस ते मला वाईट वाटू नये म्हणून, एवढं तुझा भाऊ ओळखतो. धीर सोडू नकोस.

काही गोष्टी मात्र नीट कळव. तुझे केस सुटले होते का? वस्त्र फाटलं होतं का? तू धावा कुठल्या देवीचा केलास, डायनाचा की व्हेस्टाचा? आकाशात ढग होते का? घरी आल्यावर बाबांच्या पायांवर लोळण घेतलीस का? आणि रडलीस केव्हा, कोठीत की वाटेत? मी भाऊ आहे, मला कळायला हवं.

बाकी इथे सगळी धांदल आहे. पुढच्या महिन्यात, सणाच्या आधी, शाळेत पाहुण्यांचा दिवस असतो. विद्यार्थ्यांचे वडील येतात, बडी बडी मंडळी येतात, आणि आम्ही मांडलेल्या खटल्यांवर भाषणं करतो. ज्याचं गाजलं त्याला पुढे कुणीतरी हाताशी धरतं. यंदा मलाही संधी आहे. विषय ज्याचा त्याने शोधायचा. पाहू, काही सुचतंय का.

आत्याला सांग, मिठातले ऑलिव्ह संपले.

तुझा भाऊ, मानियस


मेव्हानिया, नोव्हेंबर, ऑलिव्ह झोडायला घेतले त्या आठवड्यात

दादास ट्रेबियाचा नमस्कार.

तुझे प्रश्न आत्याला वाचून दाखवले. ती म्हणाली, "याला ताप तर नाही ना आला?"

तरी उत्तरं देते. केस सुटले नाहीत. आत्याने घातलेली वेणी सोडायला बैलजोडी लागते. वस्त्र फाटलं नाही, पण त्यावर रसाचे डाग पडलेत आणि धोबी म्हणतो ते जन्मात जाणार नाहीत. देवीचा धावा करायला वेळ मिळाला नाही, दोन्ही हात झाकणाला होते. ढग? दादा, ढग! मी कोठीत होते रे. बाबांच्या पायांवर लोळण वगैरे काही नाही, आधी खेचराला पाणी दाखवलं आणि मग जेवले.

रडण्याचं म्हणशील तर, हो, रडले. रात्री, अंथरुणात, भिंतीकडे तोंड करून. आवडलेली वस्तू उचलावी तसा तो मला उचलून घेऊन गेला, याच्या संतापाने रडले. आत्यालाही कळू दिलं नाही. तुला म्हणून सांगते, आणि ते तुझ्यापाशीच ठेव.

बाकी आनंद आहे. गायस आता चौकातून जात नाही, मागच्या गल्लीतून जातो. येत्या वसंतात तो बाजाराचा अधिकारी व्हायला उभा राहणार होता, पण तो दिसला की लोक विचारतात, "काय, यंदाचा रस कसा लागला?" म्हातारा फुफिडियस बैल विकायला रोमला गेलाय. बैल तर निमित्त, तोंड लपवायला गेलाय असं आत्या म्हणते. चोराच्या मनात चांदणं.

ऑलिव्ह पाठवतेय. बरणी परत पाठव, मागच्या तीन तुझ्याकडेच आहेत.

ट्रेबिया


रोम, डिसेंबर, सॅटर्नच्या सणाच्या तोंडावर

प्रिय भगिनीस मानियसचा आशीर्वाद.

ट्रेबिया, मी जिंकलो! तुझा भाऊ जिंकला! काल पाहुण्यांच्या दिवशी सगळ्यांत जास्त टाळ्या मला पडल्या. लोक जागेवरून उठले. एका वृद्ध गृहस्थांनी डोळे पुसले. नोनियस गुरुजी कुणाची कधी स्तुती करत नाहीत, ते म्हणाले, "मानियस, या मुलीच्या पापणीवरचा थेंब मला दिसला."

विषय अगदी जुनाच, प्रत्येक शाळेत चालतो तो. कायदा असा, की पळवून नेलेल्या मुलीने दोहोंतलं एक निवडावं: पळवणाऱ्याचं मरण, किंवा त्याच्याशी विनाहुंडा लग्न. मी लग्नाच्या बाजूने बोललो. माझी मुलगी मोकळ्या केसांनी बापाच्या पायांशी पडली आहे आणि एक अक्षर बोलत नाही. तिचे अश्रूच तिच्या वतीने दया मागतात. रात्री भिंतीकडे तोंड करून ती रडते, तेव्हा भिंतीलासुद्धा पाझर फुटतो! या वाक्याला किती वेळ टाळ्या पडत होत्या म्हणून सांगू.

तू मनात काही आणू नकोस. भाषणातल्या मुलीला नाव नसतं, गाव नसतं. तिचा तुझ्याशी काही संबंध नाही.

आपल्या भागातले एक गृहस्थही आले होते. भाषण संपल्यावर मला मिठी मारली, जेवायला नेलं, आणि भाषणाची एक प्रत मागून घेतली. किती गुणग्राही माणूस!

बरण्या सणानंतर पाठवतो.

मानियस


मेव्हानिया, जानेवारी, नव्या वर्षाचा पहिला आठवडा

मानियस,

दादा म्हणत नाही. या पत्रापुरतं तरी नाही.

तुझा गुणग्राही माणूस म्हणजे म्हातारा फुफिडियस. तुला ठाऊक होतं. लपवायचं नसतं तर तू त्याचं नाव लिहिलं असतंस.

तो सणाला घरी आला तो तुझं भाषण पाठ करूनच. आधी स्वतःच्या पंगतीत म्हटलं, मग स्नानगृहात म्हटलं, मग थेट चौकात. हातवारे तुझेच, मी लहानपणापासून ओळखते. शेवटी सांगतो काय, "रोममध्ये या गोष्टीने माणसं रडली, आणि ती लिहिलीय मुलीच्या सख्ख्या भावाने!" झालं. सख्खा भाऊ म्हणतोय म्हटल्यावर माझं कोण ऐकणार?

अरे, याच गावाने मला खेचरावरून येताना पाहिलं होतं! याच गावाने मी सांगितलेलं ऐकलं होतं! दोन महिने हसत होती ही माणसं. आता झऱ्यावर गेले की बायका माझ्या डोक्यावरून हात फिरवतात. कुंभार, ज्याला मी स्वतः सांगितलं, तो माझ्याकडे पाहून मान खाली घालतो. मी म्हटलं, "अहो, मी त्याला झाकणाने हाणलं, तुम्ही पोट धरून हसला होता!" तर म्हणतो, "असू दे पोरी, दुःखात माणूस असंच काहीबाही बोलतं." माझंच तोंड, माझाच हात, आणि खरं काय ते रोमहून यायचं!

आणि गायस? त्या गायसचं आता काय विचारतोस! केस विस्कटून, दाढी वाढवून चौकात उभा असतो, प्रेमाने वेडा झालेला तरुण म्हणून. हौदात पडलेला तो दुसराच कुणी. पोरी त्याच्याकडे वळून बघतात. चोर तो चोर, वर शिरजोर.

म्हाताऱ्याने सणाच्या शेवटच्या दिवशी बाबांना गाठलं. म्हणाला, "ट्रेबियस, कायदा कायदा आहे. तुझ्या पोराने भर रोममध्ये तो वाचून दाखवला. आता मुलीने निवडायला हवं. ती काय मरण निवडणार आहे होय? दयाळू बापाची लेक ती. मी हुंडासुद्धा मागत नाही." बाबा तुझ्या शाळेला नमस्कार करणारा माणूस. मानियस तिथे कायदा शिकतो, मानियसला आपल्यापेक्षा जास्त कळतं. मान हलवून मोकळे झाले. महिनाअखेरीस गावच्या दोन कारभाऱ्यांसमोर चौकात मला निवड करायची आहे. आत्या भांडली, तर बाबा तिला म्हणाले, "तुला रोमचं काय कळतं?" लग्नाची केशरी ओढणी रंगवायला टाकलीय. तीही फुफिडियसांनीच. घरचं झालं थोडं, व्याह्याने धाडलं घोडं.

तुझं भाषण मी वाचलं, म्हाताऱ्याने बाबांना प्रत दिलीय. इतकं लांबलचक बोललास, आणि त्या मुलीच्या तोंडी एक शब्द नाही. एक शब्द, मानियस! केस आहेत, पापण्या आहेत, थेंब आहेत, जीभ नाही. झाकण कुठे गेलं? हौद कुठे गेला? खेचर कुठे गेलं? सगळं गिळलंस आणि ठेवलंस काय, तर माझं ते रात्रीचं रडणं. ते मी तुला एकट्याला लिहिलं होतं. ते तू टाळ्यांसाठी विकलंस. आणि वर विकलंस तेही खोटं करून. मी रागाने रडले होते रे, दया मागायला नव्हते रडले!

आता एकच सांग. असा कायदा खरंच आहे का? हो की नाही, एवढंच लिही. आणि नसेल तर बाबांना लिही, ताबडतोब. माझं ते ऐकत नाहीत, तुझं ऐकतील.

ट्रेबिया


रोम, जानेवारीचा मध्य

प्रिय ट्रेबिया,

तुझं पत्र वाचून मी हादरलो. इतकं कठोर तू कधी लिहिलं नव्हतंस.

कायदा अर्थातच खरा नाही. शाळेतला आहे. आमच्याकडे असे कितीतरी आहेत. समुद्री चाचे, जुलमी राजे, पळवलेल्या मुली, त्यांच्यावर वाद घालून जीभ तयार होते. कुठल्याही न्यायालयात तो कुणी विचारात घेणार नाही. पण बाबांना मी कसं लिहू? त्यांनी दोन शेतं गहाण टाकून मला इथे ठेवलंय. इतकी वर्षं मी इथे न असलेले कायदे शिकतोय असं त्यांना कळलं तर पुढच्याच गाडीने मला परत बोलावतील, आणि तेही आता, जेव्हा एक सिनेटर मला आपल्याकडे घ्यायचा विचार करतोय! थोडं समजून घे. मी बाबांना मोघम लिहिलं आहे, की घाई करू नका.

झाकणाचं म्हणशील तर मी ते पहिल्यांदा घातलं होतं. शपथ! गुरुजींनी खोडलं. म्हणाले, "झाकणाने हाणणारी मुलगी जत्रेतल्या सोंगात शोभते. गंभीर भाषणात मुलगी एक तर रडते, नाहीतर मरते. लोकांचा विश्वास तेवढ्यावरच बसतो." आणि खरं आहे ते. तू आठव, लहानपणी दाईने सांगितलेल्या गोष्टींत कोण मुलगी जिंकली होती? एक झाड झाली, एक पक्षी झाली, एकीने उडी मारली. मी काय जगाचे नियम बदलू?

तरी तुझ्यासाठी मी हातावर हात धरून बसलो नाही. तुला लग्न नको ना? म्हणून मी भाषणाचा शेवट बदलला. परवा नवं भाषण केलं. यात मुलगी निवडीच्या दिवशी पहाटे क्लितुम्नस नदीत उडी घेते. आपल्या नदीचं नाव मुद्दाम घातलं, तुला बरं वाटावं म्हणून. लोक हुंदके देत होते. पहिल्याहून जास्त गाजलं, प्रती निघताहेत. आता तुझ्या नावाला बट्टा नाही, उलट गौरवच आहे.

आणि एक बोलू? गायस काही अगदीच वाईट नाही. विनाहुंडा म्हणतोय. विचार करून पाहा.

तुझा भाऊ, मानियस


मेव्हानिया, फेब्रुवारी, पितरांच्या दिवसांच्या आधी

मानियसदादास,

तुझं पत्र निवडीच्या तीन दिवस आधी मिळालं. वाचलं, घडी केली, आणि पिठाच्या डब्याखाली ठेवून दिलं. बाबांना दाखवलं असतं तर त्याच संध्याकाळी सगळं मिटलं असतं. पण मिटलं असतं ते घरातल्या घरात, कुजबुजत. बाबा फुफिडियसांना चार शब्द बोलले असते, तुला परत बोलावलं असतं, आणि गाव मला जन्मभर ती रडणारी मुलगीच समजलं असतं. मला ते गावाने ऐकायला हवं होतं. आणि ज्याने गावाला पढवलं त्याच्याच तोंडून.

चौकात सगळी जमली होती. दोन कारभारी पायऱ्यांवर खुर्च्या टाकून, बाबा एका बाजूला, गायस दाढी वाढवून दुसऱ्या बाजूला. मला ओढणीने नखशिखान्त झाकून उभी केली होती. म्हाताऱ्याने कायदा म्हणून दाखवला, उजवा हात छातीवर, तुझ्यासारखा. मग म्हणाला, "मुलीला लाजेने बोलवणार नाही. तिचे अश्रू हेच तिचं उत्तर समजा."

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात ना, तो हा. मी ओढणी मागे टाकली.

म्हटलं, "मालक, डोळे कोरडे आहेत, बघून घ्या. मी बोलणार आहे. हा कायदा खरा ना?"

"खरा, पोरी."

"रोममध्ये चालतो, म्हणजे इथेही चालतो?"

"चालतो तर!"

"निवड माझी? मी जे म्हणेन ते? नंतर कुणी बदलणार नाही?"

"तुझीच निवड. देवांसमोर सांगतो." म्हातारा बाबांकडे बघून हसलासुद्धा.

"मग मी मरण निवडते," मी म्हटलं. "त्याचं."

दादा, गायस मटकन पायरीवर बसला. दोन कारभारी, एक चामड्याचा व्यापारी आणि एक तेलाचा, एकमेकांकडे बघायला लागले. आता हे काम करायचं कुणी, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. तेवढ्यात मागून आत्याचा आवाज आला, "कुऱ्हाड आणू का गं? घर जवळच आहे."

आणि म्हातारा किंचाळला, "अहो, थांबा! वेड लागलंय का सगळ्यांना? हा काही खरा कायदा नाही! शाळेतल्या पोरांना बोलायला शिकवतात, त्यांचा खेळ आहे तो! कोण कुणाला मारतंय!"

मी म्हटलं, "मालक, मरण खेळातलं, मग लग्न कुठलं?"

पहिला हसला तो गायसचाच मित्र, कोठीतला. मग कुंभार. मग सगळा चौक. कुंभार ओरडला, "खेचर! अरे, हिने त्याचं खेचर आणलं होतं!" जसं काही हे आत्ताच आठवलं मेल्याला. मला हसू नाही आलं. मला त्या सगळ्यांचाच राग आला होता. दोन वेळा हसले आणि मध्ये एकदा रडले, आणि तिन्ही वेळा दुसऱ्याच्या सांगण्यावरून.

बाबा उठले. सावकाश चालत आले, माझ्या डोक्यावरची ती केशरी ओढणी काढून म्हाताऱ्याच्या पायांशी टाकली आणि म्हणाले, "घरी चल. वाटेत खेचराला चारा घ्यायचाय." ऑक्टोबरपासून पहिल्यांदा ते माझ्याशी धड बोलले. घरी येऊन मात्र मला एवढंच विचारलं, "मानियसला हे ठाऊक होतं?" मी चारा उतरवायला गेले. त्यांना जे कळायचं ते कळलं असावं, कारण पुढच्या महिन्याचे पैसे त्यांनी अजून बांधलेले नाहीत.

तू विचारशील, मी खरंच त्याला मारायला लावलं असतं का? नाही. तो मेलेला मला नको, आणि नवरा म्हणूनही नको. माझ्या वाटेतून तो बाजूला हवा, मला शेतावर पाव घेऊन जायचे असतात. एवढी साधी गोष्ट, ती तुमच्या एवढ्या मोठ्या कायद्यात नाही आणि तुमच्या एकाही गोष्टीत नाही. तुमच्या मुली रडतात, मरतात, झाडं होतात. जेवून झोपत कशा नाहीत रे कधी?

इथे हे संपलं असतं. पण तुझं दुसरं भाषण आलं.

परवा झऱ्यावर शेजारच्या हिस्पेल्लुम गावच्या दोन बायका भेटल्या. एकीने विचारलं, "अगं, मेव्हानियाची ती मुलगी नदीत बुडाली ती जागा कुठली? फुलं वाहायचीत." मी म्हटलं, "बाई, ती मीच. बुडाले नाही. त्या नदीत बैल उभे राहतात आणि त्यांचं पोट भिजत नाही, तिथे मी बुडणार कशी?" तर ती लाल झाली. म्हणाली, "मेलेल्यांची थट्टा करू नये पोरी, तुलाही कुणी भाऊ असेल." आणि दोघी पुढे गेल्या.

काठावर जाऊन आले. खरंच फुलं आहेत. मेलेल्यांना ठेवतात तसं मीठ आहे, वाइनमध्ये भिजवलेला पाव आहे. बैल ते खातात. दर दिवशी नवी फुलं येतात. गायसला मी एका फटक्यात पाडला, म्हाताऱ्याला चार प्रश्नांत, पण त्या मुलीला मी पाण्यातून बाहेर काढू शकत नाही. उद्या मी म्हातारी होऊन मरेन तेव्हाही लोक म्हणतील, ती तर तरुणपणीच गेली, किती सुंदर गेली.

पुढच्या आठवड्यात पितरांचे दिवस. घरी ये. भाषणातल्या मुलीला कुणी नाही, नाव नाही, आई नाही, जीभ नाही. तिला तू जन्म दिलास आणि टाळ्यांसाठी तूच बुडवलंस, तेव्हा काठावर बसून तिचे दिवस तूच कर. आम्ही तिच्यासाठी पाव भिजवणार नाही.

येताना बरण्या आण. सगळ्या. आणि गावात शिरताना तुला कुणी विचारलं की बहीण कशी आहे, तर चारचौघांत, मोठ्याने, एकदा तरी खरं सांग.

तुझी जिवंत बहीण,
ट्रेबिया